वसंताच्या पोटातली आक्का

आमच्या वॉर्डात किडनी 'रुसायची'. डॉक्टर लोक त्याला इंग्रजीत रिजेक्शन म्हणत, पण आया, वॉर्डबॉय आणि आम्ही सिस्टर मंडळी रुसणंच म्हणायचो. "सात नंबरची रुसली वाटतं" असं आयाबाईनं दारातून सांगितलं की मी हातातलं काम टाकून धावायचे. ताप, बदललेल्या किडनीच्या जागी दुखणं, सूज आणि लघवी कमी, ही रुसव्याची लक्षणं. पहिल्या रुसव्याला समजूत घालता यायची, दुसऱ्याला कधी कधी. तिसऱ्याला माणूस परत डायलिसिसच्या मशीनवर.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात, किडनीच्या वॉर्डात आणि मग तिथल्या ओपीडीत माझी नोकरी झाली. माझं माहेर गिरगाव, सासर दादर, आणि आयुष्य मात्र गेलं परळला. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, एवढी वर्षं लघवीच्या बाटल्या मोजण्यात तुम्हाला कंटाळा नाही का आला? त्यांना काय सांगू? बाटलीत लघवी दिसली म्हणून मी साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा असल्यासारखे पेढे वाटत फिरले आहे. ज्याला रोज होते त्याला तिची किंमत नाही.

आधी आमचा धंदा नीट समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दुसऱ्याची किडनी पोटात बसवायची म्हणजे जुनी काढून तिथे नवी, असं नसतं. जुन्या दोन्ही असतात तिथेच राहतात आणि नवी खाली, ओटीपोटात एका बाजूला बसवतात. त्वचेवरून हात ठेवला तर हाताला लागते. बसवणं हे सर्जनचं काम, आणि ते काही तासांत उरकतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा स्वभाव आमच्या गिरगावच्या चाळीसारखा असतो. जिन्यात अनोळखी माणूस दिसला की पहिल्या मजल्यापासून प्रत्येक जण विचारणार, "कोणाकडे आलात?" उत्तर पटलं नाही तर बाहेर. जंतू आले तरी हाच न्याय आणि सख्ख्या भावाची किडनी आली तरी हाच. म्हणून या पेशींना गप्प बसवणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. आमच्या वेळी त्या मुख्यतः दोन होत्या, एक पिवळट आणि एक पांढरी स्टेरॉईडची. गोळी किडनीला ताकद देण्यासाठी नसते, किडनीला हाकलणाऱ्यांना आवरण्यासाठी असते. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही, आणि तरी ते लोकांच्या डोक्यात शिरायचं नाही. शिरणार कसं? औषध म्हणजे ताकद, असंच आपण लहानपणापासून ऐकत आलो.

आणि माणसं तरी काय एकेक. गिरगावातलेच एक गृहस्थ होते, सोवळ्यातले, कांदासुद्धा मोजून खाणारे. त्यांना धाकट्या भावानं किडनी दिली. भाऊ नेमका घराण्याला न शोभणारा, बोंबील म्हटलं की जीव टाकणारा. ऑपरेशननंतर या गृहस्थांना भूक फार लागायला लागली. स्टेरॉईडनं लागतेच. पण त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की सिस्टर, मासळीबाजारावरून जाताना हल्ली माझी पावलं रेंगाळतात, हे त्याच्या किडनीचं तर काम नसेल? मी म्हटलं, असेल तर एक दिवस भावाकडे जेवायला जा आणि तिला विचारा. ते जाऊन आले की नाही ते मला कळलं नाही, पण पुढच्या खेपेला तजेलदार दिसत होते.

सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या. लालबागचा एक जण बायकोला किडनी द्यायला निघाला होता. किडनी देण्याआधी एक तपासणी करतात. देणाऱ्याच्या पेशींवर घेणाऱ्याच्या रक्तातलं पाणी घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशी जगल्या तर पुढे जायचं, मेल्या तर नाही. त्याच्या पेशी मेल्या. कारण असं, की बायकोला तीन मुलं झालेली. बाळाचं निम्मं अंग बापाचं असतं, आणि बाळंतपणात काही बायकांच्या रक्ताची त्या निम्म्याशी ओळख होते ती वैरानं. ती ओळख मग रक्त विसरत नाही. हे ऐकून तो माणूस म्हणाला, म्हणजे माझी पोरं तिनं जन्माला घातली, म्हणून माझं तिला चालत नाही? तिला दुसरं कोणी देणारं मिळालं नाही. ती गेली तेव्हा तो वॉर्डात येऊन सगळ्यांना नमस्कार करून गेला. आजही ही गोष्ट सांगताना मला त्रास होतो.

पण मला सांगायचं आहे ते वसंताबद्दल.

वसंता वरळीच्या बीडीडी चाळीतला. गिरणीत साचेखात्यात होता, म्हणजे मागावर कापड विणायचा. वय जेमतेम तिशीचं. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष होत आलं होतं तेव्हा त्याच्या दोन्ही किडन्या गेल्याचं निदान झालं. लग्न झालेलं नव्हतं, आईवडील लहानपणीच गेलेले. त्याला वाढवलं ते मोठ्या बहिणीनं, आक्कानं. आक्का विधवा, मूलबाळ नाही. चाळीतल्या एका खोलीत ती गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. संपात जेवणारे गावी गेले आणि खाणावळ बंद पडली. पहिल्यांदा वॉर्डात आली तेव्हा तिनं मला "जय भीम, सिस्टर" म्हणून विचारलं, की किडनी कुठं द्यायची असते, आणि पदर खोचून उभी राहिली. तिला वाटलं होतं त्याच दिवशी देऊन संध्याकाळी घरी जाता येईल.

तपासणीचा निकाल आला आणि आमचे सर, म्हणजे युनिटचे प्रमुख डॉक्टर, खुर्चीतून उठलेच. बहीणभावाचं सगळंच्या सगळं जुळलं होतं. भावंडांत चारांत एखाद्याचं असं जुळतं. सर म्हणाले, छत्तीसच्या छत्तीस गुण. आक्का म्हणाली, त्यात काय नवल, एकाच आईच्या पोटातले आहोत.

ऑपरेशन छान झालं. वसंताची किडनी रुसली नाही. एकदाही नाही. दर खेपेला ओपीडीत दोघं जोडीनं यायची. त्याला बोलावलेलं असायचं, ती आपली सोबत. आणि येताना माझ्यासाठी काहीतरी डब्यात आणायचीच, कधी सुकटीची चटणी, कधी भाकरी. घरात काय परिस्थिती असेल ते मला दिसत होतं, म्हणून मी नको म्हणायचे, तर ती म्हणायची, "मला किती मानसांना वाढायची सवय हाय सिस्टर, आता कोणालाच वाढत नाय. तुमी तरी खावा."

वर्षभरानं एक गोष्ट माझ्या लक्षात आली. संप रेंगाळला होता, परळ-लालबागची माणसं डोळ्यांदेखत वाळत चालली होती, आणि आक्का मात्र भरत चालली होती. गाल वर आले, चेहरा गोल झाला. ओपीडीतल्या आयाबाई कौतुकानं म्हणाल्या, भाऊ बरा झाला तसं आक्कानं अंग धरलं बघा. मीही तसंच समजले असते. पण एकदा ती आणि वसंता बाकावर शेजारी शेजारी बसली होती आणि मी समोरून आले, तेव्हा दोघांचे चेहरे सारखे दिसले. तसा चेहरा माझ्या ओपीडीत प्रत्येकाचा असायचा. स्टेरॉईड घेणाऱ्याचा. गाल पौर्णिमेच्या चंद्रासारखे, मानेमागे चरबीचा उंचवटा, आणि हातपाय मात्र काड्या. आक्काचे हात मी बघितले. काड्याच होत्या. आणि ती खोकत होती.

मी तिला पडद्यामागे नेऊन विचारलं, आक्का, तुम्ही कसल्या गोळ्या घेता? ती लाजल्यासारखी हसली आणि म्हणाली, "वसंता देतो त्याच. स्वतःच्या हातानं निम्मी निम्मी करतो."

मी वसंताला आत बोलावलं. माझा आवाज तेव्हा फार चढायचा, बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली असं नंतर मला सांगण्यात आलं. पहिल्यांदा वाटलं, बहिणीला देतो तसा हा गोळ्या बाहेर विकतोही की काय. संपात माणसांनी भांडीसुद्धा विकली होती. पण वसंता घाबरलाच नाही. त्याला आपलं काही चुकलं आहे असं वाटतच नव्हतं. तो शांतपणे सांगायला लागला.

"आमाला गिरणीत दोन साचे असत, सिस्टर. जोड. एक बिघडला म्हणून दुसऱ्याला तेल द्यायचं सोडलं, तर तोबी बसतो. दोन्हीला सारखं तेल द्यायचं असतं. मग किडनीची जोड हाय, एक माझ्यात नि एक तिच्यात. एकीला औषध नि दुसरीला नाय, असं कसं चालंल?"

मी खाली बसले. वर्षभर हा मनुष्य सकाळी उठून, गोळ्या मोडून, बहिणीला तिचा वाटा देत होता. ज्या घरात भाकरीचेसुद्धा दोन तुकडे होत होते तिथे त्यानं ते किती जपून केलं असेल. आणि तो तिला देत होता ते तिच्या शरीराची राखण झोपवणारं औषध. गिरणगावात, जिथे दर दुसऱ्या खोलीत क्षय.

एक्सरे काढला. आक्काला क्षयच झाला होता.

सर त्या दिवशी ओरडले नाहीत. त्यांनी वसंताला समोर बसवून सगळं पहिल्यापासून समजावलं: गोळी किडनीसाठी नाही, ती तुझ्या रक्तातल्या राखणदारांसाठी आहे. तुझ्या पोटात पाहुणी आहे म्हणून तुझे राखणदार आम्ही झोपवले. आक्काच्या पोटातली किडनी तिची स्वतःची, तिला कोणी हाकलत नव्हतं. तिचे राखणदार उगाच झोपले, आणि दार उघडं राहिलं. वसंता ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू कसा उतरत गेला ते मी पाहिलं, आणि ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

आक्काला क्षयाच्या वॉर्डात ठेवलं. तिच्या गोळ्या एकदम तोडता येत नाहीत, हळूहळू उतरवल्या. वसंताला त्या वॉर्डात जायला सक्त मनाई होती, कारण त्याचे राखणदार अजून झोपलेले. तो बाहेरच्या व्हरांड्यात, खिडकीपासून लांब उभा राहायचा. काही दिवसांनी त्याच्या बोलण्यावरून मला शंका आली आणि मी त्याला सरळ विचारलं. त्यानं गोळ्या बंद केल्या होत्या. तिला मारलं मी आणि मी काय जगायचं, एवढंच म्हणाला. मी रागावले, सर रागावले, समाजसेविकाबाईंनी तासभर डोकेफोड केली. हा ढिम्म. शेवटी मी आक्काच्या खाटेपाशी गेले आणि तिला सांगितलं. सांगावं की नाही असं झालं होतं, पण दुसरं कोण होतं त्याचं?

आक्का कशीबशी उठून बसली. मी खिडकी पूर्ण उघडली. तो व्हरांड्याच्या कठड्याशी उभा, ती आत खाटेवर, आणि मध्ये मी. तिला धाप लागत होती, त्यामुळे ती थांबत थांबत बोलली.

"वसंता, गोळी नाय घेतलीस तर तू मरशील. ते तुझं तू बघ. पन तुझ्या पोटात माझं एक हाय. ते मारायला तुला कोणी सांगितलं?"

तो रडायला लागला.

"माझं म्हनून सांभाळ," ती म्हणाली. "तुझं म्हनून नको सांभाळूस."

मग ती आडवी झाली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. वसंता माझ्याबरोबर खाली ओपीडीत आला आणि त्यानं गोळी घेतली.

आता प्रश्न असा होता की द्यायची किती. नियमानं पूर्ण. पण त्याचं रक्त तपासलं तर किडनीचं काम उत्तम. वर्षभर निम्म्या गोळीवर आणि नंतर काही दिवस काहीच न घेता, तरीही तिनं रुसवा धरला नव्हता. गुण छत्तीस होते हे खरं, तरी सरांनाही ते नवल वाटलं. त्यांनी खूप विचार केला आणि निम्माच डोस ठेवला, मात्र दर आठवड्याला रक्त तपासायचं या अटीवर. मला म्हणाले, त्याच्या शरीरानं निम्म्यावर तडजोड केलेली दिसते, आपण कशाला पुन्हा भांडण उकरून काढायचं. सरांच्या हिमतीचं मला तेव्हाही कौतुक वाटलं आणि भीतीही वाटली. वाचकांतल्या कोणाच्या घरी किडनी बदललेलं माणूस असेल तर हात जोडून सांगते, हे वाचून गोळीला हात लावू नका. आपल्या मनानं गोळी कमी करणारे मी इतर जेवढे पाहिले, ते सगळे मशीनवर परत आले, आणि काही तर आलेच नाहीत.

आक्का बरी झाली. वेळ लागला, पण झाली. चेहऱ्यावरची सूज उतरली तेव्हा ती एकदम म्हातारी दिसायला लागली. संप कधी मिटला ते कोणालाच कळलं नाही, तो मिटलाच नाही, माणसंच संपली. वसंताची गिरणी पुन्हा उघडली नाही. तो दादरला एका झेरॉक्सच्या दुकानात लागला आणि तिथेच राहिला. आक्कानं पुन्हा डबे सुरू केले, आता ऑफिसवाल्यांचे. ओपीडीत दोघं जोडीनंच येत राहिली. माझे केस पांढरे झाले, सर निवृत्त झाले आणि तरी आठवड्यातून एकदा हौसेनं येत राहिले, आणि वसंताचा रिपोर्ट प्रत्येक वेळी तोच. नवे डॉक्टर त्याचे कागद उलटसुलट करून बघायचे.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी तो एकटाच आला. मधल्या दोन-तीन तारखा त्यानं चुकवल्या होत्या, त्यामुळे मी बोलायच्या तयारीतच होते. पण तो बाकावर ज्या तऱ्हेनं बसला, त्यावरून मला कळलं.

आक्का झोपेत गेली होती. हृदय थांबलं. तिची उरलेली किडनी शेवटपर्यंत ठणठणीत होती, हे तो मला दोनदा सांगत होता. मी त्याच्याजवळ बसले. थोड्या वेळानं सवयीनं विचारलं, गोळ्या संपल्या असतील ना, कधी नेल्या होत्यास? तो म्हणाला, संपल्या नाहीत. आक्का गेल्यापासून घेतल्याच नाहीत.

पावसाळ्यात गेली होती ती, आणि आता दिवाळी तोंडावर आली होती.

"मुद्दाम नाय ओ सिस्टर," तो म्हणाला. "ती क्षयातनं उठली तवापास्नं डबी तिच्याच ताब्यात. रोज सकाळी डबे भरून झाले की तीच हातावर ठेवायची, नि मी गिळंपर्यंत समोर उभी राहायची. एवढी वर्षं. मी डबी कुठं असते तेपन बघितलं नव्हतं. ती गेली, नि हातावर कोणी ठेवलीच नाय."

मी त्याचं रक्त घेतलं. स्वतः घेतलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. रिपोर्ट येईपर्यंत त्याला घरी सोडलं नाही. गिरगावच्या सगळ्या देवांना नवस बोलून झाले. रिपोर्ट आला तो नेहमीचाच. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा पाठवला. पुन्हा तोच.

सर त्या दिवशी आले होते हे नशीब. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, वसंताला आडवं करून ओटीपोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. मग म्हणाले, असं हजारांत एखाद्याचं होत असेल. काही राखणदार पेशी असतात, त्या बाकीच्यांना सांगतात की हिला राहू द्या, ही आपलीच आहे. त्या कशा तयार होतात, कोणाच्या होतात, आम्हाला अजून नीट माहीत नाही. झालं असेल असं म्हणता येतं, उद्याही राहील अशी खात्री देता येत नाही. गोळीशिवाय नजरेखाली ठेवून बघता येईल, नाहीतर लहानसा डोस पुन्हा सुरू करू. तुझं काय म्हणणं?

वसंता शर्टाची बटणं लावत होता. तो थांबला.

"म्हंजे साहेब, माझ्या अंगाला आता कळतच नाय, ही आक्काची हाय म्हनून?"

"नाही," सर म्हणाले. "ते तिला तुझीच समजतं."

वसंतानं उरलेली बटणं लावली. ओपीडी रिकामी होत आली होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला वाटलं, हा आनंदाची बातमी ऐकून सुखावला असेल. पण तो म्हणाला, "मग गोळी चालू करा, साहेब. अंग विसरलं तर विसरू दे. मला नाय विसरायचं."

सरांनी चष्मा पुसला आणि डोस लिहून दिला. मी कपाटातून गोळी काढली, मधोमध मोडली. वसंतानं हात पुढे केला होता. मी अर्धी त्याच्या तळहातावर ठेवली, आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहिले.